दुपारच्या बसचे बिनकामाचे प्रवासी

मुंबईहून परत आलं की आमच्या वाडीत पहिला प्रश्न ठरलेला असतो, काय काय बघितलंस? समुद्र म्हणावा तर तो आमच्याकडचा जास्त स्वच्छ. मोठमोठी दुकानं म्हणावीत तर घ्यायचं काही नसलं की दुकान आणि भिंत सारखीच. या खेपेला मी घाटकोपरचा एक डोंगर आणि त्याच्यावर चढणारी-उतरणारी एक छोटी बस बघून आले. आठवडाभर तोच डोंगर आणि तीच बस. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मीही आधी पोटभर हसले होते.

मी गेले होते माझ्या थोरल्या भावाला, दादाला, गावी घेऊन यायला. दादा मिसरूड फुटायच्या आत गिरणीत लागला. गिरणी बंद पडली तशी त्याने एका सोसायटीच्या गेटवर वॉचमनकी केली. पुढे वहिनी गेली, मग गुडघे गेले, पण घाटकोपर काही सुटलं नाही. होळीच्या आसपास तो गल्लीतल्या पायऱ्यांवरून घसरला, आणि त्याच्या मुलाचा, संदेशचा, मला फोन आला. तो आणि सून दोघंही दिवसभर कामावर, बाबा परत पडले तर बघणार कोण, तुझ्याकडे अंगण आहे, हवा आहे, तूच घेऊन जा ना आत्या. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. मी शाळेतून रिटायर झालेली बाई, चार खोल्यांच्या घरात एकटी. शनिवारची परतीची दोन तिकिटं काढूनच मी निघाले.

सोमवार, डोंगरावर

घाटकोपर म्हटलं की लोकांना फरसाणची दुकानं आठवतात. पण पश्चिमेला थोडं आत गेलं की रस्ता एकदम उभा राहतो, आणि त्या उभ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना घरावर घर, घरावर घर. आमच्याकडे डोंगरावर आंबे-काजू लावतात, इथे माणसं लावली आहेत. रिक्षावाल्याने अर्ध्या चढावर मला उतरवलं आणि 'मावशी, वर गाडी गरम होते' असं सांगून तो पळाला. माझी पिशवी कैऱ्या, कोकम आणि कुळथाच्या पिठाने भरलेली. मी गाडीपेक्षा जास्त गरम होऊन वर पोचले.

दादाची खोली शेवटच्या बसस्टॉपपासून एक गल्ली वर. गल्ली म्हणजे नुसत्या पायऱ्या, एक उंच, एक बुटकी, एक तुटकी. त्यांच्यावरून चालताना पाय घसरला नाही तरच नवल. खोलीत एक पलंग, एक पोटमाळा, वर पत्रा. सुनेने बांगड्याचं तिखलं असं केलं होतं की मी बोलायचं ठरवलेलं सगळं विसरले. हात धुतल्यावर आठवलं. मग मी दादाला वर्गात शिकवावं तसं सांगितलं, अंगण आहे, सपाट जमीन आहे, विहिरीचं पाणी आहे, नारळाची सावली आहे. दादाने चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि म्हणाला, 'बघू.' आमच्या घराण्यात 'बघू'चा अर्थ 'नाही' असा होतो.

मंगळवार, सहल

दुपारी जेवणं झाली आणि दादाने इस्त्रीचा शर्ट चढवला, केस पाण्याने चापूनचोपून बसवले. चल, जायचंय, एवढंच म्हणाला. मला वाटलं कुठे देवाला किंवा कुणा नातेवाइकाकडे. मी लग्नाकार्यातली नारायणपेठ नेसले, बरोबर कोकमाची बाटली घेतली, कुणाच्या घरी रिकाम्या हाताने कसं जायचं? काठी टेकत टेकत दादा पायऱ्या उतरला. स्टॉपवर त्याचे दोन मित्र आधीच बसलेले. एक कांबळे, पूर्वी फोनच्या खात्यात होते, मूळचे साताऱ्याकडचे, बोलणं एकदम नियमात. दुसऱ्या शांताबेन, खालच्या चाळीतल्या गुजराती बाई, मराठी फाड्‌फाड्, फक्त प्रत्येक वाक्याला शेवटी 'ने' जोडतात.

बस आली, आम्ही चढलो. वळणावळणाने खाली उतरताना खिडकीतून छान वारा लागत होता. शांताबेननी डब्यातून थेपले काढून सगळ्यांना वाटले, ड्रायव्हरलाही एक दिला. स्टेशन आलं, बाकीचे उतरले, मी पदर सावरून उभी राहिले. हे तिघं जागचे हलेनात.

'उतरायचं नाही?' मी विचारलं.

'कशाक?' दादा म्हणाला.

बसने वळण घेतलं आणि आम्ही निघालो परत वर. नारायणपेठ नेसून, कोकमाची बाटली मांडीवर घेऊन मी घाटकोपरच्या डोंगरावरून खाली गेले आणि त्याच डोंगरावर वर आले. माझ्या आयुष्यातली इतकी नटून-थटून केलेली दुसरी बिनकामाची सहल मला आठवत नाही.

खुलासा कांबळ्यांनी केला. सकाळी आणि संध्याकाळी ही बस भरून जाते. दुपारच्या फेऱ्या मात्र रिकाम्या पळतात, म्हणून त्या बंद करायचं चाललं आहे, आणि त्यासाठी पाहणी होणार आहे असं त्यांच्या कानावर आलं होतं. सकाळ-संध्याकाळच्या रेटारेटीत म्हातारी माणसं चढू शकत नाहीत. दुपारची बस गेली की वरचे म्हातारे कायमचे वरच. म्हणून या मंडळींनी नंबर लावून घेतले होते. ज्याचा वार असेल त्याने दुपारी बसमध्ये बसायचं, खाली जायचं, वर यायचं. बाकीच्यांना वाटलं तर त्यांनीही यायचं. बस रिकामी दिसता कामा नये.

मी खो खो हसले. जन्मभर घड्याळाच्या ठोक्यावर कामाला गेलेली ही माणसं, आता कुणी ड्युटी देत नाही म्हणून यांनी स्वतःच स्वतःला ड्युटी लावून घेतली! सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही. कांबळे जराही रागावले नाहीत. मॅडम, दोन दिवस थांबा, मग बोला, म्हणाले.

थांबले तेव्हा दिसायला लागलं. दुपारी पत्र्याखालची खोली म्हणजे भाकरीचा तवा. शिवाय ज्यांची मुलं रात्रपाळी करून आलेली असतात त्यांना झोपायला तीच खोली हवी, मग म्हाताऱ्याने जायचं कुठे? खाली एक बाग आहे, सुंदर आहे, पण दुपारी तिला कुलूप. सकाळी व्यायामवाले, संध्याकाळी पोरं, आणि म्हाताऱ्यांना जेव्हा सावली हवी तेव्हा बागसुद्धा झोपायला जाते. हा नियम करणाऱ्याचं वय काय असेल ते मला आत्ताच सांगता येईल. राहता राहिला बसस्टॉप. त्याला वर छप्पर आहे, बसायला बाक आहे आणि कुणी ऊठ म्हणत नाही. आणि खाली चाललोच आहोत तर गल्लीतल्या कुणाची गोळ्यांची पट्टी आण, कुणाचा चष्मा दुरुस्तीला टाक, कुणासाठी देवाची फुलं घे, असं करत करत या बिनकामाच्या प्रवाशांना भरपूर कामं लागली होती. दादा तर घरातून न उठणाऱ्या एका आजीसाठी रोज खालून मोगऱ्याचा एक गजरा आणायचा. वहिनीला त्याने कधी आणलेला मला आठवत नाही.

आता एक खरं सांगते. बस बंद होणार हे ऐकून मला बरं वाटलं. बस गेली की दादाचा मुद्दाच संपला, मुकाट माझ्याबरोबर येईल. मी मनातल्या मनात गावच्या रवळनाथाला नारळसुद्धा बोलले.

बुधवार, अंधेरी

मध्ये एक दिवस अंधेरीला माझी मावसबहीण कुंदा राहते तिच्याकडे जाऊन आले. घाटकोपरहून मेट्रोने गेले. सरकता जिना, थंडगार डबा, ज्येष्ठांसाठी राखीव जागा, आणि त्या जागेवर गाढ झोपलेला एक दणकट तरुण. व्यवस्था झकास आहे, फक्त त्याला जागं करायची व्यवस्था अजून केलेली नाही.

कुंदाची जुनी चाळवजा इमारत पाडून तिथे टॉवर झालाय. ती एकोणिसाव्या मजल्यावर. लिफ्ट अशी की कानांना दडे बसतात. घरात उजेड, वारा, न्हाणीघरात धरायला दांड्या, खाली 'ज्येष्ठांचा कक्ष', त्यात एसी आणि मऊ खुर्च्या. मी म्हटलं चल बसू या तिथे. बसलो. दोघीच. थोड्या वेळाने वॉचमन येऊन दिवे चालू आहेत का बघून गेला. पूर्वी कुंदा ओट्यावर बसून मेथी निवडायची तर चार जणी आपापली मेथी घेऊन यायच्या. आता शेजारी कोण राहतं हे तिला दारावरच्या पाटीवरून माहीत आहे. तिने मला जेवायला तळलेली सुरमई, सोलकढी, खीर असं काय काय केलं आणि निघताना लिफ्टपर्यंत आली, मग लिफ्टमध्ये आली, मग गेटपर्यंत, मग रस्त्यापर्यंत. सोडवत नव्हतं तिला. मला तिची दया आली, आणि लगेच वाटलं, बघ दादा, मुंबईत हे असं असतं, चल गावाला.

संध्याकाळी हेच मी दादाला ऐकवलं. आम्ही स्टॉपवर बसलो होतो. तो शांतपणे मला प्रश्न विचारायला लागला. दुपारी काय करतंस? झोपते. उठल्यावर? टीव्ही. मग? मग देवापाशी दिवा. बोलतंस कोणाशी? मी म्हटलं जानकी आहे की शेजारी. आणि बाकीची घरं? बाकीची घरं कुलपात, चतुर्थीला आणि शिमग्याला उघडतात, हे त्यालाही माहीत होतं. एसटी येते अजून वाडीत? नाही, दोन वर्षांपासून फाट्यावरूनच वळते. मग डॉक्टरकडे जातंस कशी? कुणाची गाडी मिळाली तर.

मग तो चढ चढणाऱ्या बसकडे बघत बसला. न बोलता माणसाला गप्प करायची विद्या या माणसाला लहानपणापासून येते. मला भयंकर राग आला. मी त्याला म्हटलं तुला काही कळत नाही, तुझं डोकं गिरणीच्या भोंग्यानेच फुटलंय. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र मला माझीच लबाडी दिसली. दादाची काळजी होती, खरंच होती. पण त्या चार खोल्यांत मला माणूस हवं होतं. दादासाठी अंगण नव्हतं, अंगणासाठी दादा हवा होता.

गुरुवार, पाहणी

गुरुवार दादाचा वार. सकाळी उठला तर गुडघा शहाळ्याएवढा सुजलेला. कांबळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच दिवशी, शांताबेन मुलीकडे मुलुंडला गेलेल्या. आणि जेवणाच्या वेळेला स्टॉपवरचा चहावाला धापा टाकत गल्लीत आला. पाहणीवाले साहेब आले आहेत, आधीच्या फेरीला बसून वर आले, बसमध्ये ड्रायव्हर सोडून कुणी नव्हतं, आता चहा पिऊन याच बसने खाली जाणार.

दादा काठी घेऊन उठायला गेला आणि परत पलंगावर बसला. पुन्हा उठला, पुन्हा बसला. तोंड एवढंसं झालं त्याचं. गिरणीला टाळं लागलं तेव्हा तो गावी आला होता, तेव्हा त्याचं तोंड असंच झालं होतं. माझा नारळ रवळनाथाने फारच लवकर मनावर घेतला होता. मी फक्त गप्प बसायचं होतं. एक फेरी, दुसरी फेरी, साहेब रिकामी बस बघून जातील, आणि शनिवारी दादा माझ्या शेजारच्या सीटवर.

मी म्हटलं, 'बस तू. मी जाते.'

गल्लीत जाऊन मी शाळेतला आवाज काढला. ज्यांना हाक मारली त्या सगळ्या आल्या, ज्यांना नाही मारली त्याही आल्या. कुणी कपाळाला बाम लावून, कुणी पाठीला टेकायला घरातली उशी घेऊन. दोन आजोबा होते, त्यांतल्या एकाला आपण कशासाठी चाललोय ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण तो फार आनंदात होता. उतरता उतरता मी सगळ्यांना बजावलं, कुठे चाललात विचारलं तर डॉक्टरकडे म्हणून सांगा. शिक्षक माणसाने कॉपी पुरवली की काय होतं ते मला तरी कळायला हवं होतं.

साहेब पुढच्या सीटवर बसले होते. चाळिशीचे, चष्मा कपाळावर, हातात मोबाइल, घामाने डबडबलेले. बस भरताना बघून त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. पहिल्या आजीला विचारलं, कुठे? डॉक्टरकडे. दुसरीला, डॉक्टरकडे. तिसरी, डॉक्टरकडे. त्या आनंदी आजोबांनी तर विचारायच्या आतच सांगितलं. साहेबांनी काळजीने विचारलं, वर कसली साथ आलीय का? मग विचारलं, डॉक्टर कुठे बसतात? इथे वाट लागली. एक म्हणाली स्टेशनजवळ, एक म्हणाली विक्रोळीला, उशीवाली म्हणाली आमचे डॉक्टर वारले. मी कपाळाला हात लावला.

साहेब माझ्यापाशी आले. 'आजी, तुम्हीपण डॉक्टरकडेच?'

'नाही,' मी म्हटलं. 'आम्ही कुठेच जात नाही. बस खाली जाते, वर येते, आम्ही तिच्यात बसतो. ही बंद झाली तर यातलं एकही माणूस परत डोंगर उतरणार नाही. माझा भाऊ वर पाय सुजवून बसलाय, आज त्याचा नंबर होता. त्याला गावी न्यायला आलेय मी. बस बंद झाली तर तो येईल माझ्याबरोबर, पण तो असा नको मला.'

साहेब मोबाइलकडे बघत राहिले. मग म्हणाले, 'यात कुठेच नाही असं टाकता येत नाही हो.'

'मग स्टेशन टाका.'

त्यांनी टाकलं. 'रोज असता?'

उभा जन्म मी मुलांना खोटं बोलू नका म्हणून पट्ट्या मारल्या. 'दर गुरुवारी,' मी म्हटलं.

स्टेशनला साहेब उतरले. उतरताना उशीवालीची उशी खाली पडली होती ती उचलून तिच्या हातात दिली आणि गेले. आमची अख्खी बस वळली आणि वर निघाली. कुणीतरी भजन सुरू केलं.

वरच्या स्टॉपवर दादा उभा होता. एवढा गुडघा घेऊन पायऱ्या उतरला होता शहाणा. मी त्याला तिथेच सगळ्यांदेखत झाडला. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, माणसं होती? म्हटलं भरली होती. त्याने माझ्या हातातली पिशवी काढून घेतली, एका हातात काठी, एका हातात पिशवी, आणि खाली मान घालून पायऱ्यांकडे वळला. रडत होता. दादाला मी वहिनीच्या वेळीसुद्धा रडताना बघितलं नव्हतं.

'रव तू हयच, येव नको गावाक,' मी म्हटलं.

'मगे तूय रव.'

'आणि घर?'

'घर खंय पळान जाता?'

मी म्हटलं, बघू.

परत आल्यावर

शनिवारी मी एकटीच निघाले. संदेश सोडायला आला होता. मी त्याला म्हटलं, पायऱ्यांना एक लोखंडी दांडा बसवून घ्या गल्लीने मिळून, आणि बापाला दुपारी अडवू नका. तो म्हणाला, आत्या, तू कुणाच्या बाजूने आली होतीस? मी त्याला गाडी सुटतेय म्हणून सांगितलं, अजून ती फलाटाला लागायची होती.

घरी येऊन अंगण झाडलं, कोकमं वाळत घातली. चार-पाच दिवस बरे गेले. मग एका दुपारी झोपेतून उठते तर फोन वाजत होता. पलीकडे बसची घरघर आणि हसाहशी. आवाज कांबळ्यांचा, दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसतंय, दुपारच्या फेऱ्या सध्या चालू ठेवल्यात, असं सगळं नियमात सांगून झाल्यावर म्हणाले, 'मॅडम, आज गुरुवार. तुमचा नंबर. तुम्ही गैरहजर आहात.' मागून शांताबेन म्हणाल्या, तुमची सीट कोणाला दिली नाय ने. दादाही तिथे होता, त्याचा खोकला मला ओळखू येतो.

मी हसून काहीतरी बोलले आणि फोन ठेवला. घर एकदम शांत झालं. मग मी पडवीत बसून सरळ रडले. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या पोरांची हजेरी घेतली. रिटायर झाल्यापासून मी कुठे नाही म्हणून कुणाचं अडलं नव्हतं.

बुधवारच्या पहाटेच्या गाडीचं तिकीट मिळालं. चतुर्थीला दादाला घेऊन येईन आणि दोघं मिळून घर उघडू. तोवर किल्ली ठेवायला मी जानकीकडे गेले. ती तांदूळ पाखडत होती. किल्लीकडे बघून म्हणाली, 'आताच तर इलंस मुंबयसून. परत खंय चल्लंस गो?'

'बशीत बसूक.'

'बशीत बसान खंय जातलंस?'

'खंय नाय,' मी म्हटलं. 'नुसती बसूक.'